धागा : शुगर उतरली, पण अण्णा 'बरे' झालेत का हे मोजायचं कसं?

जोडभावीकर
रविवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वडील ६८ वर्षांचे, आम्ही अण्णा म्हणतो. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर पॉवरलूमवर काढली वर्षं. शुगर १४ वर्षांपासून. गोळ्यांवर रेटत होते, पण सप्टेंबरात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ९.८ आली आणि डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन चालू केलं. आता जानेवारीत ७.४. डॉक्टर खूश, मी खूश, ताईनं तर रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांचे अंगठे आले. आणि अण्णांना विचारलं "आता बरं वाटतंय ना?" तर म्हणतात, "हाय की. जसं होतं तसंच हाय."

आता माझी गंमत अशी की मी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी चेकिंगला आहे. टॉवेल धुवायच्या आधी मापायचा, धुऊन वाळवून परत मापायचा, किती आकसला ते लिहायचं, दिवसभर हेच. त्यामुळं सप्टेंबरात इन्सुलिन चालू करायच्या आदल्या रात्री मी हौसेनं अण्णांना विचारून वहीत लिहून ठेवलं होतं. १० पैकी किती वगैरे त्यांना पटत नाही, म्हणून आण्यात विचारलं, सगळं झकास म्हणजे रुपया, तर आज तब्येत किती आणे? म्हणाले आठ आणे. परवा परत विचारलं. आठ आणे.

म्हणजे चार महिने रोज पोटात सुई टोचून घेतली त्याचं काहीच नाही? का मी मोजतोय तेच चुकतंय? कुणाला या विषयातलं कळत असेल तर सांगा. "योगा करा, कारल्याचा रस द्या" वाल्यांनी कृपया दुसरा धागा शोधा.


बे_एके_बे
रविवार, रात्री १०.३१

९.८ ची ७.४ आली की बे, आणि काय पायजे तुला. लोकांची दहाच्या खाली येईना आणि हा आणे मोजूलालाय. पेढे वाट गप.


शेंगाचटणी
रविवार, रात्री ११.०५

नाही हो, दादांचा प्रश्न बरोबर आहे, आमच्या घरात पण हेच झालंय. आई विड्या वळते, चाळीस वर्षं झाली. ती तब्येत विड्यांत मोजते. शुगर नव्हती तेव्हा दिवसाला हजार पूर्ण करायची, नंतर सहाशेवर आली, बोटं बधिर होतात म्हणे आणि दोरा बांधताना दिसत नाही. मागच्या वर्षी तीन महिन्यांची शुगर चांगली उतरली, आम्ही उड्या मारल्या, आणि आई म्हणाली "सहाशेच होतात ना अजून". बास, तिच्या लेखी तेवढाच रिपोर्ट.

पण मी नीट बघितलं तर विड्यांचा आकडा पण फसवतो. पाला खराब आला की हात चांगला असून चारशे, नातीला बघायचं असेल त्या दिवशी तीनशे. आणि एक, आईचं रक्त खूप कमी होतं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की ॲनिमिया असला की तीन महिन्यांच्या शुगरचा आकडासुद्धा सरळ धरायचा नाही, वरखाली दाखवू शकतो. म्हणजे कुठल्याच आकड्यावर डोळे झाकून विश्वास नाही, त्यांच्या नाही आणि आपल्याही नाही.


सर्वेवाली_ताई
सोमवार, सकाळी ७.२०

या विषयातलं थोडं कळतं मला, घरोघरी जाऊन हेच फॉर्म भरायचं काम केलंय, कुंभारीच्या विडी घरकुलात तर किती वेळा. सकाळी वेळ आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. एचबीएवनसी रक्तातलं सांगते, तांबड्या पेशींना किती साखर चिकटलीय ते, आणि त्या पेशीचं आयुष्य १२० दिवसांच्या आसपास, म्हणून साधारण तीन महिन्यांची सरासरी. माणूस कसा जगतोय हे त्याच्यात येतच नाही आणि यायला पाहिजे अशी अपेक्षाही कुणी केली नव्हती. म्हणून लोकांनी वेगळ्या प्रश्नावल्या बनवल्या, आणि त्या सगळ्या एकच गोष्ट मोजत नाहीत, इथंच घोळ होतो.

डब्ल्यूएचओ-५ म्हणून एक आहे, पाचच वाक्यं, गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, शांत होतं का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवस आवडीच्या गोष्टींत गेला का. प्रत्येकी ० ते ५, बेरजेला चारानं गुणायचं की १०० पैकी आकडा. ५० च्या खाली असेल तर मन खचलंय का ते नीट विचारायचं. पण यात मधुमेहाचा म पण नाही. सुनेशी भांडण झालं तरी आकडा पडतो.

दुसरी पेड नावाची, १९९५ ची, अमेरिकेतली. २० प्रश्न, सगळे शुगरच्या कटकटीचे. पुढं काय होईल याची भीती, खाण्यावरून सतत डोक्यात चाललेलं, गोळ्यांचा कंटाळा, घरच्यांची साथ नाही असं वाटणं. हिला १.२५ नं गुणून १०० पैकी करतात, ४० च्या वर गेलं की त्रास बराच आहे असं धरतात. ही त्रास मोजते, आयुष्य नव्हे.

तिसरी माझ्या आवडीची. एडीडीक्यूओएल, इंग्लंडमधल्या क्लेअर ब्रॅडली बाईंची. यात "तुम्ही कसे आहात" असं विचारत नाहीत, "मधुमेह नसता तर हे कसं असतं" असं विचारतात. काम, प्रवास, घरचे संबंध, मित्रमंडळी, पैसा, दुसऱ्यावर अवलंबून राहणं, मनासारखं खाणं, असे १९ विषय. शुगर नसती तर खूपच चांगलं असतं म्हणाला तर वजा ३, तसंच असतं म्हणाला तर शून्य. आणि लगेच दुसरा प्रश्न, ही गोष्ट तुमच्यासाठी किती महत्त्वाची? ० ते ३. दोन्हीचा गुणाकार. म्हणजे प्रवास शुगरमुळं पार बंद झाला पण माणसाला मुळात घर सोडायची हौसच नाही, तर हिशेबात शून्य. आणि जे जिवाभावाचं आहे ते थोडं जरी गेलं तरी आकडा खाली खेचतं. ही वापरायला परवानगी लागते बरं का, उचलून छापायची नाही.

जगभर कुठंही नेली तरी हिच्यात सगळ्यात जास्त मार बहुतेक एकाच रकान्यात दिसतो, मनासारखं खाण्याचं स्वातंत्र्य. काम, प्रवास, पैसा सगळं त्याच्या मागं.

आपल्याकडची पण आहे, क्यूओएलआयडी, २०१० ची, ३४ प्रश्न. त्यात पैशाची काळजी आणि खाण्याचं समाधान असे वेगळे भाग आहेत.

आणि घरी विचारताना एक लक्षात ठेवा. सून दारात उभी असेल तर सासूचं सगळं छानच असतं. मी तर पाणी मागायचे, सून आत गेली की खरं उत्तर यायचं.


बे_एके_बे
सोमवार, सकाळी ९.४८

ताई माहिती भारी. पण मला एक सांगा, "शुगर नसती तर" हे १४ वर्षं शुगर असलेल्या माणसाला काय कळणार? अण्णा ५४ चे होते तेव्हा. तेव्हाचा जोर आणि आत्ताचा जोर यात शुगर किती आणि वय किती, हे अण्णांना सोडा, ब्रह्मदेवाला तरी सांगता येईल का? माझे काका सगळं शुगरवर घालतात, गुडघे दुखले शुगर, ऐकू येईना शुगर, काल टीव्हीचा रिमोट सापडेना तर म्हणे शुगरमुळं विसराळू झालोय.


सर्वेवाली_ताई
सोमवार, सकाळी १०.१५

काकांना साष्टांग :)
मुद्दा बरोबर आहे, अंदाजच असतो तो. पण एक माणूस जो अंदाज आज करतो तोच सहा महिन्यांनी परत करतो, आणि आपल्याला मधला फरक पाहिजे असतो. अंदाज कच्चा असला तरी माणूस तोच आहे ना.


टाईप१ची_आई
सोमवार, दुपारी १.०२

मुलाला आठव्या वर्षापासून टाईप वन आहे, आता चौदाचा आहे, म्हणून बोलते.

आमच्याकडं आकडा सुधारला की घरातली झोप जाते. रात्री शुगर लो व्हायची भीती. ७० च्या खाली गेली की साखर द्या, पंधरा मिनिटं थांबा, परत बोट टोचा, पहाटे तीनला हे चालतं. अमेरिकेत १९८३ ते ९३ एक मोठा अभ्यास झाला होता, डीसीसीटी, टाईप वनचे १४४१ लोक. काटेकोर शुगर ठेवली तर डोळे, किडनी वाचतात हे त्यातनंच पक्कं कळलं, आणि त्या गटात शुगर एकदम लो होण्याचे गंभीर प्रसंग तिप्पट होते. तरी त्यांनी जीवनमानाची प्रश्नावली भरून घेतली तर दोन्ही गटांत फरक नाही आला. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता, खरं सांगते. फरक नाही? मग मी रात्री का जागते?

नंतर डोक्यात आलं, प्रश्नावली पेशंटनं भरली होती. आईनं नाही. माझ्या मुलाला विचारा, तो म्हणेल मस्त चाललंय, क्रिकेट खेळतो, शाळेत पेन मारतो इन्सुलिनचं. त्याचे सोळा आणे आहेत. माझे सहा.

दादा, तुमच्या आईंना विचारलंत का? अण्णांचं इन्सुलिन, अण्णांची वेगळी भाजी, अण्णा वेळेवर जेवले का, हे सगळं कोण बघतं?


जोडभावीकर
सोमवार, रात्री ९.४०

टाईप१ची_आई, तुमची पोस्ट दुपारी डबा खाताना वाचली आणि घास अडकला. नव्हतं विचारलं. आज विचारलं, आधी "मला काय धाड भरलीय" म्हणाली, मग भांडी घासता घासता म्हणाली की सप्टेंबरपासून तिनं एकदाही माहेरी मुक्काम केला नाही, कारण रात्रीची सुई. अक्कलकोट कितीसं लांब आहे हो! वहीत तिचं वेगळं पान केलंय. आणि सुई मारायला मी शिकतोय.

आता अण्णा. ताईंची पद्धत वापरली, प्रश्न मात्र माझेच. काय काय अडलंय आणि ते किती जिवाला लागतं. खाणं विचारलं, वाटलं इथंच सगळं निघणार, कारण अण्णा म्हणजे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर गुळाचा खडा. म्हणाले "भाकरी हाय की दोन वेळ, गूळ गेला, जाऊ दे". पैसा, "तू हायस". मित्र, "निम्मे गेले, त्यात शुगरचा काय संबंध". एकेक शून्य पडत चाललं आणि मला वाटायला लागलं खरंच काही नाही.

मग असंच विचारलं, अजून काय? तर बराच वेळ गप्प. आणि म्हणाले, "गड्डा."

तुम्हाला सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी लिहितो. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते, तिलाच गड्डा म्हणतात, पहिल्या दिवशी सात नंदीध्वज ६८ लिंगांना तैलाभिषेक करायला निघतात, बरोबरची माणसं पांढऱ्या बाराबंदीत. अण्णा तरुणपणापासून हा फेरा अनवाणी चालत आले. या वर्षी डिसेंबरात डॉक्टरांनी पाय तपासले आणि अनवाणी चालणं कायमचं बंद केलं. बूट घालून चला म्हटलं तर "बाराबंदीखाली बूट? सिद्धरामाला काय तोंड दाखवू". या वर्षी चौकात उभं राहून बघितलं. मी शेजारीच होतो, मला वाटलं ऊन लागतंय म्हणून डोळे पुसतात.

हे कुठल्या रकान्यात बसतं? फिरायला जाणं? मित्रमंडळी? आत्मविश्वास?


फिजिओ_जुळेसोलापूर
सोमवार, रात्री १०.२६

डॉक्टरांचं बरोबर आहे, हे आधी लिहितो. पायाला नायलॉनचा धागा टेकवून बघतात, १० ग्रॅम दाबाला वाकणारा. तो कळला नाही म्हणजे खडा, काच, तापलेलं डांबर काहीच कळणार नाही. जखम होऊन दोन दिवसांनी मोज्यावर डाग दिसतो तेव्हा घरच्यांना कळतं. अशा पायांचं पुढं काय होतं ते मी रोज बघतो, इथं लिहीत नाही.

पण अण्णांच्या आठ आण्यांचं कोडं मला सुटल्यासारखं वाटतंय. आजार तोच असताना एका हातानं मिळालं, दुसऱ्या हातानं गेलं. एकच एकूण आकडा विचारला की दोन्ही एकमेकांत मिटतात. थकवा, रात्री लघवीला उठणं, तहान, पायाची आग, हे सुटं सुटं विचारा.


पुण्यात_सोलापूरकर
सोमवार, रात्री ११.५०

आकडेवारीच्या धंद्यात आहे म्हणून नाक खुपसतो.

एक, तुम्ही 'आधी' फक्त एकदाच मोजलंय. माणूस आज आठ आणे, उद्या सात, परवा नऊ म्हणतो, काहीही न बदलता. आठवडाभरात तीनदा विचारलं असतं तर अण्णा नुसते बसल्या बसल्या किती हलतात ते कळलं असतं. त्याच्यापेक्षा मोठा फरक आला तरच फरक म्हणायचा. मोठ्या अभ्यासांत ढोबळ नियम असा वापरतात की लोकांच्या आकड्यांचा जो पसारा असतो, प्रमाण विचलन, त्याच्या निम्म्याएवढा तरी फरक पाहिजे, तेव्हा तो माणसाला जाणवण्याइतका. वरच्या डब्ल्यूएचओ-५ ला १० गुण धरतात.

दोन, औषध बदलतं ते शुगर सगळ्यात वाईट असताना. सगळ्यात वाईट वेळेनंतर थोडं बरं वाटणारच, काही केलं नाही तरी. याचं श्रेय सुईला जातं नाहीतर कारल्याला, जे आधी हाताशी लागेल त्याला.

तीन, आणि हे पुण्यातल्या लोकांना समजावता समजावता माझा घसा बसलाय, सोलापुरात ऋतू बघा. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये झोप लागली नाही तर ती शुगर का उन्हाळा? जानेवारीत हुरडा खाऊन आनंदी झालेला माणूस मेमधल्या स्वतःशी कसा ताडणार? जानेवारीची तुलना पुढच्या जानेवारीशी करा. आणि गल्लीतल्या शुगर नसलेल्या एखाद्या काकांना पण तेच प्रश्न विचारा, ते पण पडले तर दोष हवेचा.

चार, ज्या रात्री नळाला पाणी येतं त्याच्या दुसऱ्या दिवशी अजिबात विचारू नका. चार-पाच दिवसांनी दोन वाजता पाणी सुटणार आणि सगळं घर बादल्या घेऊन उभं, दुसऱ्या दिवशी निरोगी माणूस पण चार आणे सांगतो.


शेंगाचटणी
मंगळवार, सकाळी ६.५५

चार नंबर वाचून आई हसली. आमच्याकडं कालच आलं पाणी.


जोडभावीकर
मंगळवार, रात्री ९.१५

फिजिओ सरांचं ऐकून सुटं सुटं विचारलं. रात्री लघवीला आधी चार-पाच वेळा, आता एकदा. तहान नाही. दुपारी पेंग येते, ती तेवढीच. पायाची आग तेवढीच. म्हणजे काहीतरी झालंय की!

मग सहज विचारलं, अण्णा, आत्ता आठ आणे म्हणता, मग सप्टेंबरात किती होतात? मला वाटलं आठच म्हणतील. तर म्हणाले, "तवा? तवा चार आणे पण नव्हतो."

मी वही काढून दाखवली. बघा, आठ लिहिलंय, तुम्हीच सांगितलं. अण्णा चष्मा लावून बघतात आणि म्हणतात "तू चुकून लिहिलास".

आता काय धरू? वही म्हणते ८ चे ८. अण्णा म्हणतात ४ चे ८. आमच्या कारखान्यात असं झालं तर एकच अर्थ निघतो, टॉवेल बदलला का नाही ते नंतर, आधी पट्टी बघा. टॉवेलबरोबर पट्टीपण धुण्यात गेली आणि आकसली.


सर्वेवाली_ताई
मंगळवार, रात्री १०.०२

दादा, पट्टी आकसते हे ज्या शब्दांत तुम्ही लिहिलंत ना, त्यावर लोकांनी अख्खे प्रबंध लिहिलेत. इंग्रजीत त्याला रिस्पॉन्स शिफ्ट म्हणतात. सप्टेंबरात रात्रीतनं पाचदा उठणं अण्णांना नेहमीचंच वाटत होतं, वयच झालं म्हणून सोडून दिलेलं, त्या हिशेबात ते आठ आणे. आता सलग झोपल्यावर कळलं की बरं असणं म्हणजे काय, तर मागचं चार वाटायला लागलं. दोन्ही वेळा खरंच बोलले ते.

याच्याशी जुळतं म्हणून सांगते, ब्रॅडली बाईंनीच उपचाराच्या समाधानाच्या प्रश्नावलीची, डीटीएसक्यूची, दुसरी आवृत्ती काढली. पहिलीत आठ प्रश्न, आत्ता किती समाधानी, ० ते ६. झालं काय, लोक सुरुवातीलाच सहा सांगून मोकळे, मग नवीन औषध कितीही चांगलं असलं तरी आकडा वर सरकायला जागाच नाही. म्हणून दुसरीत थेट विचारतात, आधीच्या उपचारापेक्षा आता कसं, वजा ३ ते अधिक ३.


बे_एके_बे
मंगळवार, रात्री १०.२०

पण मागचं आठवून सांगायचं म्हटलं की माणूस गोड बोलतो ना ताई. पोरगा रोज सुई मारतोय, त्याला बरं वाटावं म्हणून पण अण्णा चार म्हणाले असतील. बाप लोक असेच असतात.


सर्वेवाली_ताई
मंगळवार, रात्री १०.३३

असतील. म्हणून खोडू नका काहीच. वहीत दोन्ही लिहा, तेव्हा सांगितलेले आठ, आता आठवलेले चार, आणि आजचे आठ. तीन रकाने. आणि एकूण आण्यांच्या खाली रात्री किती वेळा उठले ते लिहा, तो आकडा फारसा आकसत नाही.


जोडभावीकर
मंगळवार, रात्री ११.०८

केले रकाने. चौथा गड्ड्याचा, त्यात सध्या काही लिहिलं नाही. अण्णांनी स्वतःच विषय काढला, की पुढच्या वर्षी फेरा नको पण यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला बूट काढून पाच मिनिटं सतरंजीवर उभं राहिलं तर डॉक्टर रागावतील का. फिजिओ सर, सांगाल का?

बे_एके_बे, तुझं म्हणणं तपासायला पुढच्या वेळी मी विचारणार नाही, माझी बहीण, आमची ताई विचारेल, तिला अण्णा गोड बोलत नाहीत.


फिजिओ_जुळेसोलापूर
मंगळवार, रात्री ११.३०

डॉक्टरांना विचारूनच. पण विचारा नक्की, त्यांना हे कुणी सांगितलंच नसेल. आणि मऊ तळव्याचे मोजे मिळतात, तेही विचारा.


बे_एके_बे
मंगळवार, रात्री ११.४१

पुढचं माप कधी मग?


जोडभावीकर
मंगळवार, रात्री ११.४४

शुक्रवारी ठरवलं होतं, पण गुरुवारी रात्री पाणी आहे. रविवारी.